रिकामी खेप

चिरेखाणीवरच्या वजनकाट्याचे लाल आकडे थोडा वेळ थरथरले आणि ४७० वर थांबले. काटा ट्रकांसाठीचा, दहा-दहा किलोंच्या उड्या मारणारा. म्हणजे खरं वजन ४६५ असेल, नाहीतर ४७४ सुद्धा असेल. काट्यावरच्या पोराने खिडकीतून मान बाहेर काढली, मी घरी बांधलेली दोन माणसांची गाडी एकदा डोळ्यांखालून घातली आणि म्हणाला, "काका, पंधरा चिरे झाले हे."

पावती खिशात घालून घरी आलो. बाबा पडवीत अडकित्ता घेऊन बसले होते. "किती भरली?" मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे भरलेली बावीस पेटी."

आमच्याकडची पाच डझनी लाकडी पेटी आंबा, पेंढा, फळ्या धरून एकवीसेक किलोंची भरते. बाबांना आयुष्यभर कुठलंही वजन याच मापात कळत आलं आहे. माझ्या लग्नातला आचारी त्यांना अजून 'पाच पेटीचा माणूस' म्हणूनच आठवतो. या गाडीसाठी घरची जुनी ओम्नी कापायच्या आधी तिला याच काट्यावर नेलं होतं, तेव्हा ७९० आले होते. तेही त्यांच्या ध्यानात होतं. सुपारीचं खांड तोंडात टाकत म्हणाले, "तेव्हा सदतीस होती. पंधरा पेटी खंय गेली?"

पंधरा पेट्या कुठे गेल्या ते सांगायला मला बसून बोलावं लागेल, आणि बाबांना एवढा वेळ बसवणं कठीण. म्हणून इथे लिहितो आहे.

ही गाडी म्हणजे आमचीच १९९६ सालची ओम्नी, असं सांगितलं तर कुणाला पटत नाही. मारुतीने ही गाडी १९८४ मध्ये 'व्हॅन' म्हणून आणली आणि २०१९ पर्यंत बनवली. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद पस्तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. ते पुढच्या सीटांखाली एका कुशीवर कलंडलेलं असतं, त्यामुळे मे महिन्यात ड्रायव्हरला खालून चटके बसायचे. आमच्या घरात या गाडीने काय वाहिलं नाही? आंबा वाहिला, खत वाहिलं, भजनी मंडळ पखवाजासकट वाहिलं, गणपती आणला आणि पोचवला. रात्री-अपरात्री कळा सुरू झालेल्या वाडीतल्या तीन बायकांना कणकवलीपर्यंत नेलं. त्यातली एक वाट अर्ध्यावरच संपली आणि तो मुलगा आता पुण्याला नोकरीला आहे. बाबा एका वेळी चाळीस पेट्या घालायचे. कंपनीने असं काही करायला सांगितलं नव्हतं, पण मागचे पाटे सपाट झाले तरी ओम्नी ओरडत ओरडत नांदगावची चढण चढायची.

खाऱ्या हवेने तिचा पत्रा खाल्ला. आमच्या घरापासून समुद्र सरळ रेषेत दोन किलोमीटर. एका पावसाळ्यात आईचा पाय मागच्या तळातून खाली गेला आणि त्या दिवसापासून ओम्नी मांगरात उभी राहिली. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. इंजिन मात्र अजून पहिल्या चावीला लागायचं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तिथून.

हा किडा जुना आहे. लंडनमध्ये शिकलेल्या कॉलिन चॅपमन नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने १९४८ च्या सुमाराला एका जुन्या ऑस्टिन सेव्हनचे कपडे उतरवून आपली पहिली स्पर्धेची गाडी केली, तीही होणाऱ्या सासऱ्यांच्या घरामागच्या गॅरेजात. पुढे त्याने लोटस कंपनी काढली आणि १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली: चौकोनी नळ्यांचा आणि गोल नळ्यांचा पिंजरा, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांच्या अगदी पुढ्यात बसलेली दोन माणसं, दार नाही, छप्पर नावाला. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी जुन्या फोर्डच्या अवयवांवर घरीच तसा पिंजरा वेल्ड करायला सुरुवात केली आणि त्या जातीला 'लोकॉस्ट' नाव पडलं. त्या सगळ्यांना एकच अट होती: जिचे अवयव घ्यायचे, तिचं इंजिन गाडीच्या लांबीला धरून बसवलेलं हवं आणि जोर मागच्या चाकांना हवा. मारुती ८०० इथेच बाद होते. ओम्नी मात्र तंतोतंत बसते. देवगड तालुक्यातल्या एका मांगरात लोटस सेव्हनचं अर्धं सामान सहा वर्षं पेंढ्याखाली पडून होतं, हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही.

आणि ही गाडी घेऊन करायचं काय, तर ऑटोक्रॉस. मैदानात शंकू मांडून वळणावळणाची वाट आखतात, एका वेळी एक गाडी सोडतात, शर्यत घड्याळाशी. शंकू पडला तर वेळेत सेकंद वाढतात. अमेरिकेत हा खेळ मोकळ्या पार्किंगच्या डांबरावर होतो, इंग्लंडात गवताच्या शेतात, आपल्याकडे बहुतेक मातीत. देशातल्या मोटर शर्यतींचा कारभार एफएमएससीआय ही संस्था बघते, स्पर्धेचा परवाना तीच देते. वेग फार नसतो. माझी गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे क्वचितच जाते.

हे सगळं आईला सांगताना मी 'ऑटोक्रॉस' शब्द वापरलाच नाही. तिचं माहेर संगमेश्वराकडचं. तिला म्हटलं, नांगरणी स्पर्धा. तिच्या डोळ्यांत लगेच ओळख आली. आषाढात चिखल केलेल्या मळ्यात निशाणं लावलेली असतात, नांगराला जोडलेली एक जोडी सुटते, वळसा घालून परत येते, आणि माइकवरचा माणूस सेकंद वाचतो, पुढे पॉइंटचे दोन आकडे. गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून मी हे पाहिलं आहे आणि माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: सरळ धावेत घाटी बैल डोळ्यांत भरतो, पण निशाणाशी वळताना छोटा गावठी बैल अंगाला अंग लावून असा फिरतो की नांगरामागचा माणूसच भेलकांडतो. मोठ्या अंगाला थांबायलाही जास्त लागतं, वळायलाही आणि पुन्हा सुटायलाही. मी ४८ वर्षांचा झालो, पुष्कळ इंजिनिअरिंग वाचलं, पण हलक्या गाडीबद्दल यापेक्षा वेगळं काही हाती लागलेलं नाही. हिशेबच हवा असेल तर असा: माझ्यासकट ओम्नीला टनामागे ४१ हॉर्सपॉवर मिळत होते, आता ६५ मिळतात. इंजिन तेच, एक घोडाही वाढलेला नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि माझी पिशवी खंय ठेवची?"

पिंजऱ्यासाठी कोल्हापूरहून २५ मिलिमीटरचे चौकोनी पाइप आणले, सोळा गेजचे. सहा मीटरच्या सात लेंथ. मीटरला जेमतेम १.२ किलो, म्हणजे सगळे मिळून पन्नासेक किलो, बाबांच्या भाषेत अडीच पेट्या. यातून पूर्ण गाडीचं हाडूक होतं हे वेल्डरला पटेना. त्याचं आयुष्य ग्रिल आणि शेड करण्यात गेलेलं, त्याच्या हिशेबाने मजबुती म्हणजे जाड अँगल. त्याला बांबूच्या शिडीचं उदाहरण देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी बारक्या पाइपाचा एक चौकोन टॅक करून दिला आणि म्हटलं, कोपरे दाबून तिरपा कर. त्याने सहज केला. मग त्यात एक तिरका पाइप टाकला, म्हटलं, आता कर. तो हसला आणि त्यानंतर स्वतःच विचारायला लागला, "हय तिरको टाकूया?" मला पुढे पुढे त्याला आवरावं लागलं. प्रत्येक तिरक्यामागे अर्धा किलो वाढतो.

पहिला पावसाळा आम्ही वेल्डिंगमध्ये वाया घालवला. सीओटू वेल्डिंगमध्ये वितळलेल्या लोखंडावर गॅसचं पांघरूण लागतं, आणि मांगराला तीनच भिंती. जुलैचा वारा ते पांघरूण उडवून न्यायचा आणि टाक्याला आंबोळीसारखी जाळी पडायची. आंबोळीला जाळी पडली की आई खूश होते. इथे प्रत्येक जाळीदार टाका ग्राइंडरने खरवडून पुन्हा मारावा लागला. ताडपत्री लावली, मग आत उकाडा आणि धूर. त्यात एक बाजू सलग वेल्ड करण्याचा मूर्खपणा मी केला आणि अख्खा पिंजरा सहा मिलिमीटर पिळला गेला. फरशीवर ठेवला की कुत्रा एक पाय उचलून उभा राहावा तसा. तो सरळ करायला गणपतीपर्यंतचे सगळे रविवार गेले.

समुद्राने आणखी एक धडा दिला. अंगावर एक मिलिमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा लावला. आठ बाय चारची शीट आठ किलो भरते, लोखंडाची तेवीस भरली असती. पॉप रिवेट मारून पत्रा ताणून बसवला, इतका सुंदर दिसला की रात्री बॅटरी घेऊन बघायला गेलो. चार महिन्यांनी रिवेटांच्या कडेने पांढरी भुकटी यायला लागली. लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल असली, की त्यांचा बॅटरीसारखा सेल होतो आणि अॅल्युमिनियम स्वतःला झिजवत बसतं. पत्रे काढले, पाइपांना रेड ऑक्साइड आणि दोन हात रंग दिला, मध्ये सीलंटची पट्टी टाकून पुन्हा बसवले. रिवेटा सातशे चाळीस. मोजल्या, कारण काढतानाही मोजल्या होत्या.

पुढचं नाक फायबरचं. त्यासाठी होड्यांचं फायबर काम करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो, खाडीपलीकडे. साचा, त्यावर मॅट आणि रेझिनचे थर, हे त्यांना पाठ. मी म्हटलं दोनच थर, ते म्हणाले चार. होडीला खडक लागतो. गाडीला शंकू लागतो, मी म्हटलं. तडजोड होऊन तीन झाले. पण मला त्यांच्याकडून मिळालं ते दुसरंच. पिंजऱ्याचा फोटो बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्याची उलांडी किती रुंद हा?" उलांडीची होडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. अरुंद होडीच्या एका अंगाला दोन दांड्यांवर लांब तरंगतं लाकूड असतं, त्याच्या जोरावर ती कलत नाही. मी त्यांना दोन चाकांमधलं अंतर सांगितलं. मग त्यांनी हात जमिनीपासून वर धरून विचारलं, "आणि माणूस हडे बसतलो?" मी त्यांचा हात आणखी खाली दाबला. वळण आणि वेग तेच धरले, तर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती सरकणार हे तीन गोष्टींवर ठरतं: एकूण वजन, ते जमिनीपासून किती उंच आहे, आणि चाकांची रुंदी. मिस्त्रींनी त्यातल्या दोन विचारल्या होत्या, कागद न घेता. निघताना म्हणाले, हलकी होडी लाटेवर नाचते, नीरम, म्हणजे तळाला भार, घालावं लागतं, तुझ्या गाडीला नको का? तेव्हा मी नको म्हटलं होतं.

पुढच्या चाकांचं काम मला सगळ्यांत जड गेलं. ओम्नीचे उंच सस्पेन्शन-दांडे ठेवले तर बोनेटमधून शिंगांसारखे वर येतात. म्हणून ८०० ची भंगारातली नकल, म्हणजे चाकाचा हब धरणारा लोखंडी सांधा, घेतली, तिच्या वरच्या दोन बोल्टांवर प्लेट करून बॉल जॉइंट बसवला आणि वर-खाली त्रिकोणी आर्म दिले. ८०० पुढच्या चाकांवर चालणारी, तिच्या हबमध्ये ड्राइव्ह शाफ्ट असतो. मला तो नको होता, उगाच वजन, म्हणून काढून टाकला. भाच्याने चाक हलवून बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या शाफ्टच्या टोकाचा नटच बेअरिंग आवळून धरतो. ते टोक कापून परत आत घालावं लागलं. एकेका चाकाला किलोभर वजन, फक्त नट आवळायला जागा म्हणून!

भाचा इंजिनिअरिंगला असताना बाहा एसएई इंडिया या कॉलेजांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धेसाठी पोरांबरोबर गाडी बनवून पीथमपूरला जाऊन आलेला आहे, त्यामुळे त्याला या विषयात मामाचा मान राखायची सवय नाही. डोक्यामागच्या रोल बारवर, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीवर, आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला पिंजऱ्याच्याच पाइपाची कमान चालली असती. त्याने ४५ मिलिमीटर व्यासाची, अडीच मिलिमीटर जाडीची सीमलेस नळी आणली, मीटरला २.६ किलो. टेके धरून अठरा किलो झाले. मी वहीत त्या अठरा किलोंसमोर लाल पेनाने उद्गारचिन्ह काढलं होतं. आता ते बघून लाज वाटते. बाकी गाडीत एक बोल्ट जरी लांब दिसला तरी मी तो कापत होतो, पण हे काम हौसेने ठरवायचं नसतं.

त्या वहीबद्दल. बाजारातल्या मासेवालीकडे असतो तसला ताणकाटा आढ्याला टांगला होता, काढलेली प्रत्येक वस्तू त्याला लावून वहीत लिहायची. सरकतं दार, मागचं दार, काचा, सीटा, मागचे पाटे. एक दिवस सीटखालच्या पोकळीतून सुतळीची गुंडाळी, गंजलेला पेटीचा खिळा, कोयी आणि अष्टविनायकाचा फोटो निघाला. फोटो वजन न करता आईला दिला. वायरिंगवर लिहिण्यासारखं काही नाही. खर्चावरही नाही. लाखभरात स्पोर्ट्स कार, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी दोन लाख चाळीस हजारांवर हिशेब लिहिणं बंद केलं.

गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे लोकांना फार उशिरा लक्षात येतं आणि मग ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघतात. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी ठरेल असा बदल चालत नाही, आणि माझ्या गाडीत मूळ तपशील शोधायला भिंग लागेल. ओम्नीची नोंदणी रद्द करून घेतली. सरावाला पहिली नजर अर्थातच सड्यावर गेली. कातळाचं एवढं सपाट, मोकळं रान, मालक ओळखीचे. पण बारसू, कशेळी, आमच्या जिल्ह्यातलं कुडोपी, या सड्यांवरच्या कातळशिल्पांची नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. असं चित्र मातीखाली, गवताखाली दबलेलंही असतं. मी आणि भाचा एक सकाळ खराटा घेऊन सड्यावर फिरलो. चित्र सापडलं नाही. सीतेच्या आसवांची निळी फुलं नजर पोचेल तिथपर्यंत पसरली होती, आणि आम्ही काही न ठरवता खराटा खांद्यावर टाकून खाली उतरलो. भात कापल्यावर खालच्या मळ्यात सराव केला. शंकूंच्या जागी नारळाच्या सोडणांचे ढीग.

मळ्यात दोन गोष्टी कळल्या. लोटस डांबरासाठी जन्मलेली, तिचं पोट जमिनीला टेकतं. गाडी दोन इंच उचलावी लागली, म्हणजे मिस्त्रींसमोर खाली दाबलेला हात पुन्हा वर आला. आणि जोरात उजवीकडे वळलं की इंजिन खोकायचं. गाडी आता इतकी झटकन वळत होती की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन बसायचं आणि जेट उपाशी. ओम्नीला सत्तावीस वर्षांत हा त्रास झाला नव्हता, तिला कधी कुणी असं वळवलंच नव्हतं. फ्लोटची उंची बदलून अर्ध्यावर आणलं आहे.

स्पर्धा डिसेंबरात, घाटावरच्या एका साखर कारखान्यामागच्या मैदानात. गाडी भाड्याच्या टेम्पोत चढवली, देवगड-निपाणी रस्त्याने फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे पोचलो. तपासणीत बॅटरीच्या पट्ट्यावर अडलो, तो तिथेच एका पोराकडून मागून घेतला. खुल्या गटात नऊ गाड्या. पहिल्या फेरीत मी इतका हलका पाय ठेवला की वेळ सांगण्यासारखी नाही. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर आतलं मागचं चाक हवेत फिरत राहिलं, मागचा भाग नुसता माती उडवत बसला, तेव्हा मिस्त्रींचं नीरम आठवलं. त्या चाकावर एक पेटी हवी होती, भरलेली. तिसरी फेरी चांगली गेली. शेवटचे चार शंकू नागमोडी होते आणि गाडी त्यातून अशी गेली, की मामाच्या खांद्यावरून दिसणारं ते निशाण, तो वळणारा बैल, माइकवरचा आवाज, सगळं हेल्मेटमध्ये एकदम आलं. एक शंकू पडला. भाच्याने नंतर सांगितलं की मी ओरडत होतो. सातवा आलो. माझ्या पुढचा सहावा नंबर एका कॉलेजच्या पोराचा, साध्या ८०० मध्ये, मागच्या सीटवर त्याचं दप्तर तसंच.

ओम्नीचं रिकामं कवच आता बागेत वरच्या अंगाला चार चिऱ्यांवर बसवलेलं आहे. हंगामात राखणीला येणारा गुरखा वानरं हाकताना त्यात बसतो, एरवी संध्याकाळी बाबा जाऊन बसतात. सरकतं दार काढलं होतं ते त्यांनी पुन्हा लावून घेतलं. स्पर्धेहून आलो त्या संध्याकाळी तिथेच गाठ पडली.

"कितवो इलंस?"

"सातवो."

"कितीजणांत?"

"नऊ."

ते थोडा वेळ कलमांकडे बघत राहिले. मोहोर फुटायला लागला होता. मग त्यांनी विचारलं, "टेम्पो रिकामोच हाडलंस?"

"गाडी होती मा त्यात."

"ती धरू नको," बाबा म्हणाले. "कोल्हापूरसून गूळ तरी हाडूक होयो होतो."